घराचे छायाचित्र आणि वळवाचे दिवस

(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)



घर विकायला काढणे ही गोष्ट आपल्याकडे उघडपणे बोलण्याची मानली जात नाही. पूर्वी ती दलालाच्या कानात सांगितली जाई, आणि गिऱ्हाईकही संध्याकाळी सहज फिरायला निघाल्याचा आव आणून घरावरून एक चक्कर मारून जाई. आता तो काळ राहिला नाही. टिळकवाडीतला एखादा कौलारू बंगला विकायचा म्हटले, तर त्याचे गिऱ्हाईक पुण्यात किंवा बंगळुरात, कधी दुबईत, तर कधी थेट अमेरिकेत बसलेले असते. ते घराच्या आधी घराचे छायाचित्र पाहते. त्या आठदहा चित्रांवरून ते घर पाहायला यायचे की नाही हे ठरवते, आणि पुष्कळदा मनातल्या मनात किंमतही ठरवून टाकते. विकणाऱ्याचे आयुष्यभराचे संचित आणि घेणाऱ्याचे वीस वर्षांचे कर्ज अशा दोन्ही गोष्टी त्या चित्रांवर लटकलेल्या असतात. तेव्हा आजचा विषय केवळ छायाचित्रकारांच्या उपयोगाचा आहे असे कृपा करून समजू नका.

आता अडचण अशी की, आपल्या बेळगावात घरे विकायला निघतात ती नेमकी एप्रिल-मे महिन्यांत. शाळा-कॉलेजांना सुट्ट्या असतात, परगावची मुले-नातवंडे घरी आलेली असतात, भावंडे एकत्र जमतात, वाटणीची बोलणी याच दिवसांत होतात. अक्षय तृतीयेचा मुहूर्तही याच सुमारास येतो. आणि याच दिवसांत आपल्याकडे वळीव येतो. मैदानी मुलखातला माणूस उन्हाळा म्हणजे निरभ्र आकाश असे समजून चालतो. बेळगावच्या माणसाला ती चैन नाही. आपले गाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर, सह्याद्रीच्या माथ्याला टेकलेले. पश्चिमेला सरळ रेषेत समुद्र अवघा नव्वदेक किलोमीटरवर. दिवसभर जमीन तापते, तापलेली हवा वर चढते, समुद्रावरून आलेला ओलावा तिच्यात मिसळतो, आणि दुपारी दोन-तीनच्या सुमारास कापसाच्या ढिगासारखे ढग उभे राहू लागतात. चारपासून सातपर्यंत केव्हाही गडगडाट, वारा आणि सरी. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा आकाश असे स्वच्छ की, काल काही घडलेच नाही!

या वर्णनातच आपले वेळापत्रक दडलेले आहे. वळवाच्या दिवसांत सकाळ ही आपली आणि दुपारनंतरचा काळ आभाळाचा. ज्याला बाहेरून घराचे चित्र घ्यावयाचे आहे त्याने सकाळी सात ते साडेनऊ ही वेळ धरावी. सूर्य सहाच्या सुमारास उगवतो. तासाभरात तो झाडांच्या वर येतो, आणि साडेनऊनंतर प्रकाश इतका कडक होतो की पडवीत काळोख आणि अंगणात पांढरे रखरखीत ऊन असे दोन तुकडे पडतात. डोळ्याला हे दोन्ही एकाच वेळी दिसते, कॅमेऱ्याला दिसत नाही. डोळ्याची ही उदारता यंत्राला अजून साधलेली नाही, हे ध्यानात ठेवावे.

परंतु सकाळ चांगली हा नियम सर्व घरांना सारखा लागू नाही. घराचे तोंड कोणत्या दिशेला आहे यावर सगळे अवलंबून आहे, आणि इथे एक अशी गोष्ट सांगावयाची आहे की जी ऐकून पुष्कळ जण चकित होतात. सूर्य नेहमी दक्षिणेकडे कललेला असतो असे आपण धरून चालतो. बेळगावचे अक्षांश 15 अंश 51 कलांच्या आसपास आहेत. त्यामुळे 4 मेच्या सुमारास सूर्य भर दुपारी थेट आपल्या डोक्यावर येतो. आपली सावली पायाखाली जाते. त्यानंतर 8 ऑगस्टच्या सुमारापर्यंत तो चक्क आपल्या उत्तरेकडून जातो! ही भर दुपारही घड्याळात बाराला होत नाही. आपली प्रमाणवेळ पूर्वेकडच्या रेखांशावरून ठरलेली असल्यामुळे बेळगावी सूर्य माथ्यावर येतो तो साडेबाराच्या आसपास.

याचा अर्थ काय होतो पाहा. उत्तरेकडे तोंड असलेल्या घराच्या दर्शनी भिंतीवर हिवाळाभर थेट ऊन पडतच नाही. दिवाळीत चित्र घ्या की संक्रांतीला घ्या, ती भिंत सावलीत, आणि मागचे आकाश मात्र लखलखीत. अशा घराला वर्षातून एकदाच सूर्य समोरून भेटतो, तो मे ते जुलै या काळात. त्यातले जून-जुलै पावसाने गिळलेले. उरला तो मे महिना, आणि त्यातही सकाळ. कारण त्या दिवसांत सूर्य पूर्वेच्या बराच उत्तरेकडे सरकून उगवतो आणि त्याचे तिरपे ऊन उत्तराभिमुख भिंतीवरून सरपटत जाते. भिंतीवरची नक्षी, खिडक्यांच्या चौकटी, पडवीचे खांब या साऱ्यांना त्या प्रकाशात उठाव येतो. मुद्दाम सांगतो, उत्तरेकडे तोंड असलेले घर ज्यांना विकायचे आहे त्यांनी 5 मे ते महिनाअखेर या दिवसांतल्या सकाळी हातच्या जाऊ देऊ नयेत.

दक्षिणाभिमुख घराची गोष्ट याच्या अगदी उलट. मे महिन्यात त्याच्या दर्शनी भागाला थेट सूर्य मिळणारच नाही. त्याचे चित्र फेब्रुवारी-मार्चमध्येच काढून ठेवावे, हे उत्तम. ते राहून गेले असेल तर ढगाळ सकाळची वाट पाहावी. ढगांनी झाकलेले आकाश म्हणजे पांढऱ्या कापडातून गाळलेला प्रकाश. त्यात सावल्यांची भांडणे नसतात. आकाश चित्रात फिके दिसते हे खरे. मग आकाश कमी घ्यावे आणि आंब्याची एखादी फांदी चौकटीच्या वरच्या अंगाला येईल असे उभे राहावे. टिळकवाडीत अजून एवढी झाडे शिल्लक आहेत की फांदी शोधायला लांब जावे लागत नाही. व्हॅक्सिन डेपोच्या बाजूने गेलेल्या कोणालाही हे पटेल.

पूर्वाभिमुख घराची चिंता करायला नको; वास्तुशास्त्राने त्याची किंमत आधीच वाढवून ठेवली आहे, आणि सकाळचे ऊनही त्याच्याच बाजूचे आहे. खरी कसोटी पश्चिमाभिमुख घराची. त्याला हवे असते साडेचार ते साडेसहाचे ऊन, आणि वळीव येतो तोही त्याच वेळी. अशा घरासाठी एकच संध्याकाळ ठरवून भागत नाही. तीन संध्याकाळी राखून ठेवाव्यात आणि विकणाऱ्याला हे आधीच स्पष्ट सांगावे, म्हणजे तोही चहाची किटली घेऊन दारात ताटकळत बसणार नाही. मात्र धीर धरणाऱ्याला वळीव कधीकधी भरभरून देतो. सर येऊन गेली, ढग पूर्वेकडे सरकले आणि पश्चिमेच्या कडेला जरा उघडीप मिळाली, तर मावळतीचे सोनेरी ऊन ओल्या कौलांवर पडते आणि पाठीमागे जांभळेकाळे आभाळ उभे असते. अशी दहा मिनिटे मिळाली तर त्या चित्रासमोर कोरड्या उन्हाची शंभर चित्रे फिकी पडतात.

पहिल्या वळवाविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत. एप्रिलअखेरीस टिळकवाडीतल्या प्रत्येक झाडावर, कौलावर आणि कुंपणावर तांबड्या धुळीचा एक थर बसलेला असतो. पानांचा हिरवेपणा करपलेला, कौलांचा रंग राखाडलेला. एकच जोराची सर येऊन गेली की हे सारे धुऊन निघते. कौले पुन्हा तांबडी, जांभ्या दगडाचा गडगा गडद, आणि गुलमोहर असेल तर मग विचारूच नका. म्हणून माझा सल्ला असा की, पहिल्या वळवानंतरची दुसरी किंवा तिसरी सकाळ धरावी. लगेच दुसऱ्याच दिवशी मात्र घाई करू नये, कारण त्या सरीने आणखी एक काम केलेले असते. अंगणातली तांबडी माती उडून जोत्याच्या पांढऱ्या चुन्यावर हात-दीड हात उंचीपर्यंत शिंतोडे उडालेले असतात, आणि सगळीकडे पाचोळा व मोडक्या फांद्या पसरलेल्या असतात. जोते धुऊन घ्यावे, अंगण झाडून घ्यावे, वाळत घातलेले कपडे काढावेत, बिघडलेली स्कूटर मागल्या दारी न्यावी. या कामाला एक दिवस जातो. तो देण्यासारखा आहे.

आता घराच्या आत येऊ. इथे ढगाळ दिवस शत्रू नसून मित्र ठरतो. उन्हाच्या दिवशी खोली आणि खिडकीबाहेरचे अंगण यांच्या उजेडात एवढे अंतर असते की, खोली नीट दिसू लागली की खिडकी म्हणजे नुसता पांढरा चौकोन होतो. ढगाळ दिवशी हे अंतर पुष्कळ कमी होते. खिडकीतून केळीची पाने दिसतात आणि खोलीतला देव्हाराही दिसतो. कॅमेरा तिवईवर घट्ट बसवून एकाच जागेवरून कमी, मध्यम आणि अधिक प्रकाशाची तीन चित्रे घ्यावीत व मागाहून त्यांचा मेळ घालावा. दिवे लावायचे तर सगळे लावावेत, नाहीतर एकही लावू नये. अर्धा पिवळा आणि अर्धा निळा प्रकाश पडलेली भिंत आजारी माणसासारखी दिसते. कॅमेरा छातीच्या उंचीवर धरावा. फार वर वा फार खाली धरून तो कलला की दारे-खांब तिरपे होतात आणि भक्कम घरही पडायला आल्यासारखे वाटते. वळीव येणार अशा संध्याकाळी दिव्यांच्या उजेडातले चित्र घेण्याचा बेत आखू नये, कारण वाऱ्याची पहिली झुळूक आली की वीज जाते. हा अनुभव बेळगावकरांना मी सांगावा असे नाही.

रुंद भिंगाचा मोह मात्र आवरला पाहिजे. अतिरुंद भिंगाने दहा बाय बाराची खोली दिवाणखान्यासारखी दिसते. पुण्याहून गिऱ्हाईक रात्रीची गाडी पकडून येते, खोलीत पाऊल टाकते आणि त्याचा चेहरा पडतो. असा व्यवहार पुढे सरकत नाही, आणि सरकला तरी कटुता ठेवून सरकतो.

यापुढचे जे सांगावयाचे आहे ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. बेळगावचे घर वर्षातून दोन प्रकारचे असते: कोरड्या दिवसांतले आणि पावसाळ्यातले. इथे वर्षाकाठी सरासरी 1300 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्याचा फार मोठा वाटा मृग ते उत्तरा या नक्षत्रांच्या दरम्यान येतो. तो सरळ पडत नाही, नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर झड घेऊन येतो. ज्या भिंती पश्चिमेकडे आणि दक्षिणेकडे उघड्या आहेत त्या महिनोन् महिने ओल्या राहतात. कुठे शेवाळ धरते, कुठे गिलावा फुगतो, कुठे कौल सरकून आढ्यातून थेंब पडू लागतात. मे महिन्यात रंग मारून घेतलेल्या भिंतीचे चित्र सुंदर येते, आणि ज्याने ते पाहून घर घेतले तो आषाढात त्याच भिंतीखाली बादली ठेवून बसतो. असे प्रसंग आपल्या गावात नवीन नाहीत. ऑगस्ट 2019 मध्ये जो महापूर आला, त्या वेळी सखल भागातल्या किती घरांत पाणी शिरले हे आपण सर्वांनी पाहिले. त्या घरांची उन्हाळ्यातली चित्रे पाहिली तर पाण्याचा मागमूसही दिसणार नाही. चित्र खोटे नसते, परंतु त्याचा महिना सांगितला नाही तर ते अर्धेच खरे असते.

म्हणून जाहिरातीतल्या प्रत्येक चित्राखाली महिना आणि वर्ष घालावे, असा माझा आग्रह आहे. आणि ज्याला सवड आहे त्याने दोन ऋतूंची चित्रे ठेवावीत: एक मेमधल्या सकाळचे, एक जुलैमधल्या झडीचे. विकणाऱ्याला वाटते, पावसाळ्यातले चित्र दाखवले तर किंमत उतरेल. माझे मत उलट आहे. ज्या घराची पश्चिम भिंत आश्लेषा नक्षत्रातही कोरडी आहे त्याला याहून मोठे प्रमाणपत्र दुसरे कोणते? आणि भिंत ओली होत असेल तर ते गिऱ्हाईकाला सौद्याआधी कळणे, हे नंतर कळण्यापेक्षा दोघांच्याही हिताचे आहे. नव्या इमारती बांधून सदनिका विकणाऱ्यांना तर या बाबतीत कायद्यानेच बांधून घेतले आहे. 2016 सालच्या स्थावर संपदा अधिनियमाच्या बाराव्या कलमानुसार, जाहिरातीतल्या किंवा नमुना सदनिकेतल्या खोट्या चित्रावर विसंबून ज्याने पैसे भरले व ज्याचे नुकसान झाले, त्याला प्रवर्तकाने भरपाई द्यावी लागते. स्वतःचे जुने घर विकणाऱ्या गृहस्थाला हे कलम लागू नाही. त्याच्यापुरती त्याची सचोटी आहे.

या संदर्भात एक प्रश्न हल्ली नेहमी विचारला जातो. ढगाळ दिवशी घेतलेल्या चित्रात यंत्राच्या साहाय्याने निळे आकाश बसवले तर चालेल काय? आज ही करामत हातातल्या फोनवरही होते. ती नवी आहे असे मात्र कुणी समजू नये. एकोणिसाव्या शतकातली रसायने निळ्या रंगाला अतिशय हळवी होती. त्यामुळे जुन्या चित्रांतले आकाश बहुधा कोरे पांढरे येई. 1866 साली धारवाड आणि म्हैसूर भागातल्या प्राचीन वास्तूंच्या छायाचित्रांचा जो ग्रंथ लंडनहून प्रसिद्ध झाला, त्याच्या काळातल्या छायाचित्रकारांपुढे हीच अडचण होती. फ्रान्समध्ये गुस्ताव ल ग्रे या कलावंताने 1850 च्या दशकातच तीवर तोड काढली. समुद्राची काच वेगळी, ढगांची काच वेगळी, आणि दोन्ही मिळून कागदावर एक चित्र! तेव्हा उसने आकाश पावणेदोनशे वर्षांच्या घरातले आहे. मला स्वतःला ते आवडत नाही, कारण सावली एकीकडची आणि ऊन भलतीकडचे अशी गल्लत त्यात हटकून होते. तरीही आकाश कुणी खरेदीखतात लिहून देत नाही, म्हणून तेवढ्यापुरते मी डोळेझाक करीन. भिंतीवरची ओल, छताची भेग, शेजारची विजेची तार, दारासमोरचा उघडा नाला या गोष्टी चित्रातून पुसणे हे मात्र दुसऱ्याच्या खिशात हात घालणे आहे, आणि आपल्या धंद्यातल्या माणसाने कितीही पैसे मिळाले तरी ते काम करू नये.

हवामानाचा अंदाज कसा वापरावा याबद्दल थोडे सांगतो. भारतीय हवामान खात्याची स्थापना 1875 सालची. आज ते पुढल्या काही दिवसांचा जिल्हावार अंदाज देते आणि हिरवा, पिवळा, नारिंगी, तांबडा अशा रंगांनी इशारे देते. शिवाय पुढच्या तीन तासांपुरता तातडीचा अंदाजही मिळतो. विजेचा इशारा देणारी 'दामिनी' ही सोय पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने केली आहे. गच्चीवर लोखंडी तिवई उभी करून राहणाऱ्या माणसाने ती फोनवर ठेवावीच. गडगडाट ऐकू आला की चित्र सोडून खाली यावे. तरी जिल्ह्याचा अंदाज हा जिल्ह्याचा असतो. आपल्या जिल्ह्यात कणकुंबी-जांबोटीकडे पावसाचा कहर असतो, तर अथणीकडे लोक आभाळाकडे डोळे लावून बसतात. निपाणी घ्या. बेळगावपासून हमरस्त्याने पाऊणशे किलोमीटर गेले की पाऊस पुष्कळ कमी होतो. तिथल्या घरासाठी जून महिन्यातही उघडिपीची सकाळ सापडू शकते. टिळकवाडीत त्याच सकाळी छत्री उघडून उभे राहावे लागेल. मोसमी पाऊस सामान्यतः जूनच्या पहिल्या आठवड्यात आपल्याकडे पोहोचतो खरा, पण त्याच्या भरवशावर कामे मेअखेरीस ढकलू नयेत. 2025 साली तो 24 मे रोजीच केरळात दाखल झाला आणि दोन दिवसांत मुंबईपर्यंत जाऊन पोहोचला. रोहिणी नक्षत्रात करू म्हणून ज्यांनी कामे ठेवली होती त्यांची कामे थेट दसऱ्यावर गेली.

ड्रोनने वरून चित्र घेण्याची हौस अलीकडे वाढली आहे. वळवाच्या आधीचा वारा त्या खेळण्याला मानवत नाही, ही एक गोष्ट. आणि बेळगावात लष्कराची छावणी व सांबऱ्याचा विमानतळ आहे, ही दुसरी. 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे कोणत्या भागात उडवता येते आणि कुठे परवानगी लागते याचा नकाशा सरकारने उपलब्ध केला आहे. तो आधी पाहावा, मग उडवावे. टिळकवाडीतल्या बहुतेक घरांना शेजाऱ्याच्या गच्चीवरून घेतलेले चित्रही पुरते, आणि त्यासाठी शेजाऱ्याखेरीज कुणाचीच परवानगी लागत नाही.

उरला कॅमेरा. दमट हवेत भिंगाला बुरशी धरते, आणि एकदा ती आत शिरली की भिंग बहुधा पूर्ववत होत नाही. वातानुकूलित गाडीतून उतरून कॅमेरा तडक बाहेर काढला की भिंगावर वाफ धरते. तो पिशवीतच ठेवून वीसेक मिनिटे बाहेरच्या हवेत रुळू द्यावा. काम संपल्यावर कोरड्या फडक्याने पुसून, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावा. त्या पुड्या मृग लागण्यापूर्वी एकदा तव्यावर मंद आचेवर भाजून कोरड्या करून घ्याव्यात. तो तवा मात्र पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये.